फाटकावर पायी चालणारा माणूस मोजला का जात नाही?



आमच्या कामाच्या भागात एक रेल्वे फाटक आहे. रुळांच्या अलीकडे बाजार, शाळा आणि सरकारी दवाखाना. पलीकडे आमची वस्ती, विहार आणि पुढे शेतं. असं फाटक तुमच्याही गावात असेल. वस्ती नेमकी कोणत्या बाजूला असते, हेही वेगळं सांगायला नको.

गेल्या पावसाळ्यात भाजीची हातगाडी ढकलत निघालेल्या एका मावशींचं चाक रूळ आणि उखडलेलं डांबर यांच्यामधल्या खड्ड्यात रुतलं. आम्ही चार-पाच जण धावलो. गेटमनदादांनी फाटक लावायचं थांबवलं. गाडी उचलून बाहेर काढली, अर्धे टोमॅटो खडीत गेले. मावशी टोमॅटो वेचत म्हणाल्या, "रोजचंच आहे बाळा."

या 'रोजचंच आहे' मध्येच सगळी व्यवस्था बसलेली आहे. म्हणून आम्ही निवेदन घेऊन निघालो. रेल्वेच्या कार्यालयात सांगितलं गेलं की फाटकाच्या पुढचा रस्ता नगरपालिकेचा. नगरपालिकेत सांगितलं गेलं की रुळांमधला भाग रेल्वेचा. शेवटी एका साहेबांनी विचारलं, "या फाटकाचा टीव्हीयू किती आहे?" त्या एका प्रश्नामुळे आम्हाला जे कळलं, ते सर्वांसमोर मांडावं म्हणून हा लेख.

मोजणीत कोण आहे?

टीव्हीयू म्हणजे फाटकावरून दिवसात जाणाऱ्या रेल्वेगाड्यांची संख्या गुणिले रस्त्यावरच्या वाहनांची संख्या. फाटकाचं महत्त्व या आकड्यावर ठरतं. हा गुणाकार एक लाखावर गेला, की रेल्वे आणि राज्य सरकार यांनी खर्च वाटून घेऊन उड्डाणपूल बांधण्याचा विचार होतो. मोजणीत मोटार म्हणजे एक, बैलगाडी म्हणजे एक, रिक्षा म्हणजे अर्धा आणि मोटारसायकल म्हणजे पाव एकक.

आणि पायी चालणारा? त्याला या हिशेबात जागाच नाही. डोक्यावर सरपण घेतलेली बाई, शाळेत निघालेली पोरगी, काठी टेकत दवाखान्यात जाणारे आजोबा, सगळे मिळून शून्य. एका बाजूला शंभर मोटारी आणि दुसऱ्या बाजूला पायी जाणारी हजार माणसं असली, तरी कागदावर फक्त शंभर.

कोणी म्हणेल की हे गणित वाहनांच्या कोंडीसाठी आहे, यात जात कुठून आली? आम्ही असं म्हणत नाही की कोणी जातीयवादी साहेबाने बसून हे सूत्र बनवलं. आमचं म्हणणं एवढंच आहे की ज्या समाजात वाहन कोणाकडे आणि पायपीट कोणाकडे हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे, तिथे पायी माणसाला शून्य धरणारं गणित तटस्थ राहत नाही.

फाटकावरचा रस्ता टिकत का नाही?

याचं उत्तर आम्हाला रुळावर काम करणाऱ्या आमच्याच बांधवांनी दिलं. रूळ खडीवर बसवलेला असतो. गाडी गेली की तो किंचित दबतो आणि पुन्हा वर येतो. त्याने तसं हललंच पाहिजे. डांबर मात्र हलणाऱ्या गोष्टीला चिकटून राहत नाही. रुळाच्या कडेला भेग पडते, भेगेतून पाणी खाली जातं, खडीत माती मिसळून चिखल होतो. मग रूळ खचतो, आणि रस्ता त्याहून जास्त खचतो.

दुसरं कारण यापेक्षा मोठं आहे. रेल्वेला ठरावीक काळाने फाटक उघडून स्लीपर, क्लिपा आणि खडी तपासावी लागते. खडी ठासणारं मशीन आणायचं तर स्लीपर मोकळे हवेत. म्हणजे डांबर टिकावाने फोडायचं, काम करायचं, पुन्हा भरायचं. चार पावसांत खड्डा परत तयार. अनेक ठिकाणी डांबराऐवजी सिमेंटचे ठोकळे बसवले जातात. ते काढता येतात, पण छोटे असल्याने जड ट्रकखाली एकेक खचतो, तिरका होतो आणि सायकलवाला पडतो.

यावर उपाय जगाला माहीत आहे. काँक्रीटच्या साच्यात ओतलेल्या मोठ्या लाद्या, कडेला लोखंडी पट्टी, खाली रबरी बैठक; किंवा जाड रबराच्या फळ्या, एकमेकींत अडकवलेल्या. जर्मनीत बनणाऱ्या 'स्ट्रेल' नावाच्या रबरी फळ्यांमध्ये पुनर्वापर केलेलं रबर वापरलं जातं. आपल्याकडेही काही फाटकांवर रबरी पृष्ठभाग बसवलेला आहे. तत्त्व सोपं आहे: रस्ता रुळाबरोबर हलला पाहिजे, आणि दुरुस्तीच्या वेळी न फोडता उचलून बाजूला ठेवता आला पाहिजे. टिकाऊपणा आणि सुटेपणा दोन्ही एकत्र.

पण नुसती महाग लादी आणून भागत नाही. खालची खडी स्वच्छ हवी आणि पाण्याला दोन्ही बाजूंनी वाट हवी, नाहीतर चिखलावर ठेवलेली लादीही डोलायला लागते. लाद्या रस्त्याच्या रुंदीपेक्षा दोन्हीकडे थोड्या पुढे हव्यात, कारण गर्दीत पायी माणूस कडेलाच ढकलला जातो. पृष्ठभाग ओला झाल्यावर घसरडा नको. शिवाय रुळाच्या आतल्या बाजूला गाडीच्या चाकाच्या कडेसाठी फट ठेवावीच लागते. ब्रॉडगेजवर ती ५१ ते ५७ मिलिमीटर असते. वेगाने गाड्या धावतात तिथे ही फट बुजवता येत नाही. व्हीलचेअरचं छोटं पुढचं चाक, सायकलचा टायर, बाळाची गाडी नेमकी यात अडकते. म्हणून पायी माणसासाठी रुळांना काटकोनात जाणारी वेगळी, सपाट पट्टी हवी. काटकोनात गेलं तर चाक फट ओलांडतं, तिरकं गेलं तर फटीत शिरतं. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला. तो फक्त मॉलच्या दारापुरता आहे का?

'काढता येणारा' म्हणजे कोणाच्या पाठीवर?

इथे आमचा खरा मुद्दा येतो. अभियंता म्हणतो, ही लादी काढता येते. आम्ही विचारतो, कोण काढणार?

१२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. तिथल्या बाबासाहेबांच्या भाषणातले ब्राह्मण्य आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आपण नेहमी सांगतो. पण त्याच भाषणात बाबासाहेब रुळावरच्या माणसाबद्दलही बोलले, ते आपण विसरतो. अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो, त्याला वरची वाट नाही, हे त्यांनी मांडलं. त्याला पोर्टरही करत नाहीत, कारण स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरकाम करून घेतो आणि घरात अस्पृश्य चालत नाही, हेही सांगितलं. म्हणजे रुळाची रचना आणि जातीची रचना यांचं नातं बाबासाहेबांनी तेव्हाच उघड केलं होतं.

आज गँगमनचं नाव बदलून ट्रॅक मेंटेनर झालं. संविधानाने आरक्षण दिलं, आपली पोरं रेल्वेत वरच्या जागांवरही गेली, हे मान्य केलंच पाहिजे. पण उन्हात टिकाव घेऊन फाटक फोडणाऱ्या टोळीत आणि ठेकेदाराच्या रोजंदारीत आजही कोण दिसतं, हे डोळे उघडे ठेवून बघा.

काँक्रीटची एक मोठी लादी काही क्विंटल भरते. तिच्यासोबत उचलण्याचं यंत्र दिलं तर तीच लादी कामगाराची सुटका ठरते: फोडणं नाही, धूळ नाही, कमी वेळ रुळावर, म्हणजे कमी धोका. यंत्र दिलं नाही तर तीच लादी पहारी लावून माणसांनी उचलायची, बोटं चिरडून घ्यायची आणि कंबर मोडून घ्यायची. वस्तू एकच, ती माणसाला मोकळं करते की दाबते, हे खरेदीच्या कागदावर ठरतं. म्हणून लादीच्या निविदेत उचलण्याचं साधन, कामगाराचं प्रशिक्षण आणि ठेकेदारी मजुराचा विमा हे लिहिलेलं असलंच पाहिजे.

'फाटकंच बंद करा' म्हणणाऱ्यांना

एक प्रामाणिक आक्षेप आहे. डॉ. अनिल काकोडकर यांच्या समितीने २०१२ साली सांगितलं की पाच वर्षांत सगळी फाटकं संपवा, सुमारे ५० हजार कोटी रुपये लागले तरी चालतील. त्याच अहवालात रूळ ओलांडताना दरवर्षी सुमारे १५ हजार माणसं मरतात, त्यातली सुमारे सहा हजार एकट्या मुंबईच्या उपनगरी मार्गावर, असंही म्हटलं होतं. जिथे दर काही मिनिटांनी लोकल धावते तिथे जमिनीवरून ओलांडणी ठेवा, असं आम्ही मुळीच म्हणत नाही. ब्रॉडगेजवरची बिनपहाऱ्याची फाटकं २०१९ च्या जानेवारीअखेर संपली, हे चांगलंच झालं.

पण फाटक बंद करून दिलं काय जातं? कुठे मोटारीच्या चढासाठी लांबवर पसरलेला उड्डाणपूल, ज्यावरून चालायचं तर वळसा पडतो. कुठे भुयारी मार्ग, ज्यात पावसाळ्यात पाणी साचतं. मग माणूस तारेच्या कुंपणाच्या फटीतून रुळावर जातो आणि रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हेगार ठरतो. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. आधी त्याला मोजायचं नाही, मग त्याची वाट काढून घ्यायची आणि शेवटी त्यालाच अतिक्रमी म्हणायचं!

याच १९८९ च्या कायद्याचं कलम १६ सांगतं की रेल्वेमुळे लगतच्या जमिनीच्या वापरात खंड पडतो, म्हणून तिथे ओलांडणी, पूल, वाटा करून देणं आणि त्या राखणं ही रेल्वेची जबाबदारी आहे. ओलांडणी ही मेहेरबानी नव्हे. रूळ आपल्या वाटेत आला आहे, आपण रुळाच्या वाटेत आलेलो नाही.

आमच्या मागण्या

१. फाटकाच्या मोजणीत पायी चालणारे आणि सायकलस्वार धरले जावेत.

२. जी फाटकं अजून काही वर्षं राहणारच आहेत, तिथे सुट्या, टिकाऊ लाद्या बसवाव्यात. सुरुवात वस्ती, शाळा आणि दवाखाना जोडणाऱ्या फाटकांपासून व्हावी.

३. पायी माणसासाठी वेगळी सपाट पट्टी आणि रात्री उजेड असावा.

४. लाद्या उचलायला यंत्र द्यावं. माणसाच्या पाठीला यंत्र समजू नये.

५. पूल किंवा भुयारी मार्ग पायी माणसाला बारा महिने वापरता येतो हे वस्तीतल्या लोकांसमोर तपासल्याशिवाय फाटक बंद करू नये.

मित्रांनो, येत्या १४ एप्रिलला मिरवणूक फाटकावर थांबेल तेव्हा एक काम करा. डीजेचा आवाज कमी करा, खाली वाका आणि पायाखालचा रस्ता बघा. मग वही-पेन घेऊन एक दिवस त्या फाटकावर बसा. सकाळी सहा ते रात्री दहा, पायी किती माणसं गेली ते मोजा. बाया किती, लेकरं किती, हातगाड्या किती, तेही लिहा. आम्ही आमच्या फाटकावर ही मोजणी सुरू केली आहे. सरकार ज्यांना शून्य धरतं, त्यांचा आकडा आपणच तयार करू आणि निवेदनाला जोडू. पुढच्या वेळी साहेबांनी टीव्हीयू विचारला, तर आपल्याकडे आपला आकडा असेल.

जय भीम! जय संविधान!