शमलेली दंतवेदना

लवंगतेलाच्या बोळ्याने ठणकणारा दात शांत झाला, की रुग्ण कृतज्ञ होतो आणि आपणही सुखावतो. वस्तुतः हाच क्षण चिंतेचा असू शकतो. कठीण भित्तींत कोंडलेली दंतमज्जा शोथाने मृत झाली, तरीही वेदना थांबते. जंतू मात्र मूळनलिकेत राहतात आणि पुढे मुळाशी विद्रधी उत्पन्न करतात. तेथील रक्तप्रवाहच खुंटल्याने आपले क्वाथ-गुग्गुळ तेथे पोहोचत नाहीत, प्रतिजैविकेही नाहीत. म्हणून रूट कॅनाल चिकित्सा. नलिका उघडून, सूक्ष्म कानशींनी खरवडून, सोडियम हायपोक्लोराइटने धुऊन ती गट्टापर्चाने भरतात. (गट्टापर्चा म्हणजे वृक्षाचा चीकच!)

दंतनाडीत सुश्रुताचार्यांनी तो दातच काढण्यास सांगितले आहे. दोषाचे अधिष्ठान दूर करण्याचा तोच न्याय ही चिकित्सा दात राखून पाळते; मग ती परकी का मानावी? औषधालयचालकांनी इरिमेदादि तेल अवश्य द्यावे, परंतु ‘याने रूट कॅनाल टळेल’ असे आश्वासन देऊ नये. जबड्याखाली सूज, ज्वर वा गिळण्यास कष्ट असल्यास रुग्णास त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे.