अध्यक्ष निवडताना घाई कशाला?

चर्चची गोष्ट आपल्या पत्रकात कशाला, असे कोणी म्हणेल. पण घेण्यासारखे असेल तेथून घ्यावे.

गुंटूर २०१४ पर्यंत आपल्याच राज्यात होते. तेथे १८४२ साली हेयर हे अमेरिकन लूथरन मिशनरी आले. त्या कामातून १९२७ साली आंध्र इव्हँजेलिकल लूथरन चर्च उभे राहिले. पुढे मात्र पदांचे वाद कोर्टात गेले.

याच पंथाच्या अमेरिकेतील मोठ्या संस्थेने जुलै २०२५ मध्ये फिनिक्स येथे नवा प्रमुख निवडला. १२ वर्षे पद सांभाळलेल्या एलिझाबेथ ईटन पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. येहिएल करी निवडून आले. तेथे पॅनेल नसते. पहिल्या फेरीत प्रतिनिधी मनातले नाव चिठ्ठीवर लिहितात. पुढे नावे सात, तीन, दोन अशी कमी होत जातात. मधल्या वेळात प्रार्थना होते, विचार होतो.

आपल्याकडे 'बिनविरोध' निवडीचे भारी कौतुक. नाव आधीच कोणाच्या तरी घरी ठरते, सभेत फक्त टाळ्या. मग नाराज मंडळी वर्गणी देत नाहीत, तरुण फिरकत नाहीत. तेलुगू मुलखात मराठी शाळा टिकवायच्या, तर ही फूट परवडणारी नाही.

म्हणून येत्या वार्षिक सभेत कोऱ्या चिठ्ठ्या वाटाव्यात. एखाद्या वहिनींचे, विशीतल्या मुलाचेही नाव येऊ द्यावे. सर्व नावे वाचावीत, चहा घ्यावा, बोलावे, मग पुन्हा मत द्यावे. दोन तास जास्त लागतील. पण निवडलेला माणूस सर्वांचा असेल, असे आम्हांस वाटते.