एक दशांश सेकंदाचा हिशेब

परवा रविवारी भाची घरी आली. इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. म्हणाली, "मामा, माझ्या प्रोजेक्टचा विषय आहे क्षेपणास्त्राचा माग काढणारे रडार." मी पडलो बी. कॉम. झालेला कारकून. म्हटले, "पोरी, मला समजेल असे सांग." तिने सांगितले, आणि त्यातून निघाली हिशेबाचीच एक गोष्ट. म्हणून वाचकहो, ती तुमच्यापुढे ठेवतो.

रडार लहरी सोडते, आदळून परत आलेल्या टिपते आणि वस्तूचे अंतर व दिशा काढते. मग पुढच्या खेपेला ती कुठे असेल याचा अंदाज बांधून तेवढ्याच जागेत शोधते. मोजमापात चूक असते, अंदाजातही असते. कोणावर किती भरवसा ठेवायचा ते ठरवून दोन्हींच्या मधला आकडा काढायची रीत रुडॉल्फ काल्मन यांनी १९६० साली मांडली. तिला काल्मन फिल्टर म्हणतात.

पण क्षेपणास्त्राची चाल एकच नसते. आधी इंजिन त्याला वर ढकलते. इंधन संपले की धोंडा फेकावा तसे ते केवळ गुरुत्वाकर्षणावर जाते. शेवटी पुन्हा दाट हवेत शिरते आणि हवा त्याला अडवू लागते. तीन टप्पे, तीन गणिते. एकच गणित धरून बसलो तर टप्पा बदलताच माग सुटतो.

यावर उपाय मोठा गमतीचा आहे. तिन्ही गणिते एकदमच चालवायची! समजा, एका टेबलावर तीन कारकून बसवले. प्रत्येकाची वही वेगळी, अंदाज वेगळा. रडारचे नवे मोजमाप आले की ज्याचा अंदाज जवळ गेला त्याचे वजन वाढवायचे, चुकला त्याचे कमी करायचे. टप्पा कधीही बदलू शकतो, ही शक्यताही त्यात आधीच धरलेली असते. अंतिम आकडा म्हणजे तिघांची भारित सरासरी. मालाच्या साठ्याची किंमत आम्ही कॉमर्सवाले अशीच काढतो! शिवाय पुढच्या फेरीआधी तिघांनी आपापल्या वह्या एकमेकांशी ताडून घ्यायच्या. ही पद्धत हेंक ब्लॉम आणि याकोव्ह बार-शालोम यांनी १९८८ साली मांडली.

"मग आता चूक होतच नसेल," मी म्हणालो. "मामा, दहरानचे ऐका," ती म्हणाली.

१९९१ चे आखाती युद्ध. सौदी अरेबियातील दहरान येथे अमेरिकेची पॅट्रियट यंत्रणा इराकच्या स्कड क्षेपणास्त्रांवर नजर ठेवून होती. तिचा संगणक वेळ मोजायचा सेकंदाच्या दशांशात. आता शंभर रुपये तिघांत वाटले तर ३३ रुपये ३३ पैसे येतात आणि एक पैसा उरतोच. तसाच एक दशांश हा आकडा संगणकाच्या शून्य-एकच्या लिपीत पुरा बसत नाही. २४ घरांत मावेल तेवढा ठेवून बाकीचा तोडला होता. प्रत्येक दशांशामागे चूक सेकंदाच्या एक कोटीव्या भागाएवढीसुद्धा नव्हती. पण यंत्र सुमारे शंभर तास बंदच केले नव्हते. चूक साचत साचत सेकंदाच्या एक तृतीयांशावर गेली.

स्कडचा वेग सेकंदाला दीड किलोमीटरहून अधिक. म्हणजे रडारने शोधायची जागा अर्ध्या किलोमीटरहून जास्त सरकली. आधी दिसलेले क्षेपणास्त्र तिथे सापडेना, तेव्हा यंत्राने तो भास मानला. पॅट्रियट सुटलेच नाही. २५ फेब्रुवारीला स्कड सैनिकांच्या बराकीवर कोसळले. २८ सैनिक ठार झाले.

मला झोप लागली नाही ती पुढच्या भागाने. ही चूक आधीच सापडली होती! आठ तासांतच यंत्राचा नेम ढळू लागतो, हे इस्रायलने ११ फेब्रुवारीला कळवले होते. २१ तारखेला तुकड्यांना संदेशही गेला, की यंत्र फार वेळ सलग चालवले तर नेम ढळू शकतो. "फार वेळ" म्हणजे किती तास, ते त्यात लिहिले नव्हते. यंत्र बंद करून पुन्हा सुरू करायला मिनिट-दीड मिनिट पुरे होते. माझ्या नोकरीत मी अशी मोघम परिपत्रके पुष्कळ पाहिली आहेत, एकदोन तर स्वतः टाइप केली आहेत.

"मग तुझ्या तीन कारकुनांनी हे वाचले असते का गं?" मी विचारले.

"नाही मामा. भिंतीवरचे घड्याळच चुकले, तर तिघेही चुकीच्याच वेळेला धरून अंदाज बांधणार."

दुरुस्त केलेला प्रोग्रॅम दहरानला पोहोचला २६ फेब्रुवारीला.