डोंगर संपतो तिथे पक्षी कुठे जाणार?

मध्य अमेरिकेतील कोस्टारिका देशात मॉन्तेव्हेर्दे नावाचे डोंगराळ जंगल आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटरवरचे हे जंगल वर्षातील बराच काळ धुक्यात बुडालेले असते. तिथे निळ्या गळ्याचा टूकनेट राहतो. टूकन कुळातला हा छोटा भाऊ जेमतेम कबुतराएवढा आणि अंगाने हिरवागार असतो. मोठ्या चोचीमुळे तो आपल्या धनेशाचा नातेवाईक वाटतो. पण त्याचे खरे नाते तांबट आणि सुतार पक्ष्यांशी आहे.

या जंगलात त्याचे काम माळ्याचे आहे. रानटी अ‍ॅव्होकॅडोच्या कुळातील झाडांची फळे तो अख्खी गिळतो, गर पचवतो आणि बी दूर जाऊन ओकून टाकतो. मोठ्या बियांची फळे गिळू शकणारे पक्षी मोजकेच असतात. ते कमी झाले, तर ही झाडे नव्या जागी रुजणार कशी?

आज टूकनेटची जात संकटग्रस्त मानली जात नाही. तरीही शास्त्रज्ञांचे अशा डोंगरी पक्ष्यांवर बारीक लक्ष आहे. मॉन्तेव्हेर्देत १९७०च्या दशकापासून धुक्याविना जाणारे दिवस वाढत गेले, असे १९९९मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. याच काळात पायथ्याकडचा मोठा, रंगीत चोचीचा टूकन वर सरकून ढगांच्या जंगलात घरटी करू लागला. दोघांनाही झाडातल्या ढोल्या लागतात, दोघेही फळांवर जगतात आणि संधी मिळाली तर दुसऱ्यांची अंडी-पिल्लेही खातात. नव्या शेजाऱ्यामुळे टूकनेटचे किती नुकसान होते, हे मोजावे लागेल. पण स्पर्धेची कारणे उघड आहेत.

मग टूकनेटनेही वर सरकावे, हा उपाय फार काळ पुरत नाही. डोंगर वर निमुळता होत जातो, म्हणजे प्रत्येक पायरीला जागा कमी होते आणि शिखरानंतर पायरीच उरत नाही. पेरूमधील एका डोंगरावर १९८५मध्ये झालेली पक्षीगणना २०१७मध्ये पुन्हा करण्यात आली. बहुतेक जाती वर सरकल्या होत्या आणि माथ्यावर पूर्वी सहज दिसणारे काही पक्षी सापडलेच नाहीत. तिथे जंगल तोडले गेले नव्हते, हे विशेष.

यातून धोरणाचा प्रश्न उभा राहतो. अभयारण्याची हद्द कागदावर स्थिर असते, हवामान मात्र हलते. केवळ माथा राखून भागणार नाही. पायथ्यापासून शिखरापर्यंत सलग झाडी हवी. कोस्टारिकाने १९९०च्या दशकात जंगल राखणाऱ्या जमीनमालकांना मोबदला देणे सुरू केले आणि मॉन्तेव्हेर्देपासून प्रशांत किनाऱ्याकडे उतरणारा हरितपट्टा जोडण्याचे काम तिथे चालू आहे. याने तापमानवाढ थांबणार नाही, पण पक्ष्यांना हालचालीला वाट आणि वेळ मिळेल.

सह्याद्रीच्या माथ्यांवरही फक्त तिथेच जगणारे जीव आहेत. तेव्हा डोंगर वाचवताना शिखराइतकाच त्याचा उतारही मोजायला हवा.