पाणी कोठे मुरते?

‘कोठेतरी पाणी मुरते आहे’ असे कोणी म्हणताच आपल्याला अफरातफरीचा संशय येतो. परंतु ज्यांच्या दारात पंधरा-वीस वर्षांची मोटार उभी असते, त्यांना हा वाक्प्रचार अक्षरशः भोगावा लागतो. माझी मारुती 800 ही अशाच वृद्ध वाहनांपैकी एक. गेल्या उन्हाळ्यात साताऱ्यास जाताना खंबाटकीच्या चढावर तिच्या तापमानाचा काटा वर सरकला, कूलंटची बाटली रिकामी आढळली, आणि तेव्हापासून दर चार दिवसांनी अर्धा लिटर पाणी गिळून ती जणू काही घडलेच नाही अशा संभावित मुद्रेने दारात उभी राहू लागली. खाली फरशीवर मात्र एक थेंबही सापडेना.

ज्या गॅरेजात मी ती नेली, तेथील कारागिराने बॉनेट उघडून दोन मिनिटांत ‘रेडिएटर गेला’ असा निकाल दिला. पंचनामा नाही, पुरावा नाही, आरोपीची कैफियत तर नाहीच. नवा रेडिएटर बसला, पैसे चुकते झाले आणि आठवड्याने बाटली पुन्हा रिकामी! मग ‘वॉटर बॉडी (म्हणजे पाण्याचा पंप) बदलू’ असे ठरले, आणि तीही निर्दोष ठरल्यास हेड गॅसकेट. एकामागून एक भाग बदलत जावे आणि अखेरीस ज्याच्यापाशी गळती थांबेल तो गुन्हेगार मानावा, ही तपासाची रीत आपल्याकडे इतकी रूढ झाली आहे की तिला कोणी चूक म्हणत नाही. मी म्हणतो.

कारण ही गळती स्वभावतःच लपणारी असते. इंजिनाभोवती फिरणारे पाणी आणि एथिलीन ग्लायकॉल यांचे मिश्रण, म्हणजेच कूलंट, बंद नळ्यांतून दाबाखाली वाहते. लहान मोटारींच्या रेडिएटरच्या झाकणावर बहुधा 0.9 हा आकडा कोरलेला दिसतो, तो या दाबाचाच, दर चौरस सेंटीमीटरला किलोग्रॅममध्ये मोजलेला. एरवी 100 अंशांवर उकळणारे पाणी एवढ्या दाबाखाली सुमारे 120 अंशांपर्यंत तग धरते. आणि म्हणूनच जे छिद्र थंड इंजिनात मौन पाळते, तेच घाटात तोंड उघडते, व तेथून निसटलेला थेंब तापल्या लोखंडावर पडून वाफ होतो, मागे उरतो तो केवळ एखादा पांढुरका वा हिरवट डाग. उलट होज पाईपची सैल क्लिप पहाटेच्या गारव्यात रबर आकसले की पाझरते आणि गाडी तापताच साळसूद होते. तेव्हा दोन मिनिटे डोळे फिरवणे म्हणजे निदान नव्हे.

शेवटी ज्या वयस्कर मिस्त्रींकडे मी गेलो, त्यांनी गाडी रात्रभर ठेवून घेतली. सकाळी थंड इंजिनाच्या रेडिएटरचे झाकण काढून त्यांनी त्या जागी दाबाचा काटा असलेला हातपंप बसवला, काटा 0.9 वर नेला आणि चहा मागवला. चहा संपेतो काटा खाली उतरला होता. बाहेर सर्वत्र कोरडे. मग त्यांनी इंजिन सोडून गाडीचे डावे दार उघडले, पायाखालचा गालिचा उचलला आणि ओली बोटे माझ्या नाकाशी धरली. वास गोडसर, स्पर्श चिकट: कूलंटच. ही ओल पूर्वीच्या गॅरेजातही दिसली होती. परंतु ‘एसीचे पाणी’ म्हणून तिची वासलात लावली गेली होती, वास्तविक एसीच्या पाण्याला ना वास ना चिकटपणा. ज्या हीटरचे बटण पुण्याच्या थंडीत आम्ही वर्षानुवर्षे सरकवले नाही, त्याचीच डॅशबोर्डखालची कॉइल फुटली होती. मिस्त्रींनी तिच्याकडे जाणाऱ्या दोन नळ्या परस्परांस जोडून तिला बेदखल केले. काम अर्ध्या तासाचे.

आणि येथे माझीही जबानी नोंदवली पाहिजे. त्यांनी तपासणीचा म्हणून जो माफक मेहनताना सांगितला, त्यावर मी घासाघीस केली! खोक्यातून निघालेल्या चकचकीत रेडिएटरचे हजारो रुपये मी विनातक्रार मोजले होते. ज्ञानाच्या एका तासाला मात्र माझा हात आखडला. ज्या देशात माधवनिदानासारखा केवळ रोगपरीक्षेला वाहिलेला ग्रंथ वैद्यांनी शतकानुशतके अभ्यासला, तेथे निदानाला स्वतंत्र मोल देणे आम्हांस का जड जावे? गॅरेजवाला सुटे भाग विकतो, कारण आम्ही फक्त भागांचेच पैसे देतो. रेडिएटरमध्ये हळद टाकून गळती बुजवणारे, किंवा ‘आपल्याकडे कसली थंडी’ म्हणून थर्मोस्टॅटच काढून फेकणारे महाभागही याच काटकसरीची अपत्ये होत.

गॅरेजमालकांना माझा एवढाच अर्ज आहे, की बिलात ‘तपासणी’ असा वेगळा रकाना घालावा. आणि मोटारमालकांना हा, की तो रकाना पाहून कपाळाला आठी घालू नये. प्रेशर लावून पाहिल्याखेरीज एकही भाग बदलू देऊ नका, आणि तापल्या इंजिनाच्या रेडिएटरचे झाकण कोणाच्याही आग्रहाखातर उघडू नका.

माझी मोटार त्यानंतर दोनदा खंबाटकी चढून आली. तिचा जुना, निरपराध रेडिएटर मात्र तोवर भंगारात वजनावर विकला गेला होता.