वीस किलोमीटरवरचा मच्छर

“अरे, पॉज कर ना तो गेम! पोळ्या गार होतायत!”

शनिवारची रात्र, साडेनऊची वेळ. आता आईला कसं सांगणार, की या गेमला पॉजच नाही? माझ्या समोर एक फडतूस दिसणारं चिमुकलं जहाज घिरट्या घालत होतं, माझं नवंकोरं क्रूझर कासवासारखं त्याच्या मागे धावत होतं, आणि माझे हात चक्क थरथरत होते. ॲप्रेझलच्या मीटिंगलाही कधी एवढे थरथरले नव्हते.

गेमचं नाव ईव्ह ऑनलाइन. आइसलँडच्या सीसीपी कंपनीने मे २००३ मध्ये सुरू केलेला हा अंतराळातला खेळ अजून जोरात चालू आहे. चीनचा वेगळा सर्व्हर सोडला, तर बाकी सगळं जग एकाच विश्वात खेळतं. आणि यातली खरी गोम अशी, की इथे जहाज फुटलं की फुटलं. दुसरी लाइफ वगैरे लाड नाहीत. विम्याचे चार पैसे हातात येतात, पण जहाजावर चढवलेली महागडी सामग्री एकतर जळते किंवा समोरचा उचलून नेतो. मारामारीत एवढं टेन्शन येतं ते यामुळेच.

माझं क्रूझर होतं थोरॅक्स. आणि (हे आईला सांगू नका) ते मी कमावलेलं नव्हतं. पगार झाला त्या संध्याकाळी कार्ड काढून प्लेक्स विकत घेतले, ते गेमच्या बाजारात विकले आणि आलेल्या पैशांत जहाज सजवलं. दोघांच्या बऱ्यापैकी जेवणाएवढा खर्च. म्हटलं, आता आपल्याला कोण अडवतो!

गेला मी लो-सेकमध्ये, म्हणजे जिथे पोलीस मदतीला येत नाहीत तिथे. (खरं तर हाय-सेकमधले पोलीसही तुम्हाला वाचवत नाहीत. मारणाऱ्याला नंतर मारतात, एवढंच. ओळखीचं वाटतंय ना?) एका लघुग्रहांच्या पट्ट्यात एक काँडर एकटंच बसलेलं दिसलं. काँडर म्हणजे फ्रिगेट, सगळ्यात लहान आणि स्वस्त जातीतलं. मी खूश! झेप घेतली.

पुढची चार मिनिटं मी जन्मात विसरणार नाही.

काँडरने पहिलं काम काय केलं, तर माझ्यावर वार्प डिसरप्टर लावला. वार्प म्हणजे पळून जायची लांब उडी, आणि डिसरप्टर लागला की ती बंद. त्याचा पल्ला साधारण वीस किलोमीटर. माझ्या जहाजावर ब्लास्टर होते, जबरदस्त मारणारे, पण अगदी जवळूनच. म्हणजे तो मला वीसवरून धरून ठेवणार, वर लांबून क्षेपणास्त्रं सोडत राहणार, आणि माझा एकही वार त्याच्यापर्यंत पोचणार नाही. मी त्याच्याकडे वळलो, तो मागे सरकला. मी पळालो, तो मागोमाग आला. त्याचा वेग माझ्या दुप्पट! माझ्याकडे ड्रोन होते, तेवढं तरी करायचं. पण घाबरून सोडायलाच विसरलो. तेवढ्यात त्याचे तीन मित्र शेजारच्या सिस्टिममधून आले आणि खेळ खल्लास.

पॉडमध्ये बसून, म्हणजे जहाज फुटल्यावर पायलट ज्या कुपीत उरतो तिच्यात बसून, मी कसाबसा घरी आलो. पाठोपाठ त्या काँडरवाल्याचा मेसेज. वाटलं, टोमणा मारणार. तर पठ्ठ्याने ‘गुड फाइट’ म्हणून सुरुवात केली आणि माझ्या चुकाच मोजून दाखवल्या. ईव्हमध्ये ही एक अजब पद्धत आहे. आधी लुटतात, मग शिकवतात.

त्याचं पहिलंच म्हणणं मला झोंबलं. मी ती लढाई पट्ट्यात पोचायच्या आधीच हरलो होतो. सिस्टिममध्ये कोण कोण आहे याची यादी स्क्रीनवर असतेच. डिरेक्शनल स्कॅनर नावाचं एक बटण असतं, ते दर काही सेकंदांनी दाबलं की १४.३ एयूच्या आत कुठली जहाजं आहेत ते कळतं. (एक एयू म्हणजे पृथ्वी ते सूर्य एवढं अंतर.) जहाज कुठल्या जातीचं आहे हे कळलं, की ते लांबून लढणारं की अंगावर येणारं याचा अंदाज बांधता येतो. आणि उजाड ठिकाणी एकटं बसलेलं स्वस्त जहाज म्हणजे बहुतेक वेळा गळाला लावलेलं गांडूळ. मी यातलं काही म्हणजे काही पाहिलं नव्हतं. किंमत पाहिली, माझी आणि त्याची.

दुसरा धडा अंतराचा. मोठ्या युद्धनौकेच्या तोफा लांबवर भयानक मारतात, पण त्या वळतात सावकाश. फ्रिगेट तिच्या अगदी जवळ गोल फिरायला लागलं, की तोफा मागे मागेच राहतात. मात्र तिथवर पोचायचं कसं? नाकासमोर सरळ गेलात तर तोफेच्या दृष्टीने तुम्ही हललातच नाही, एकाच गोळीत संपलात. म्हणून तिरकं, गोगलगाईच्या शंखासारखं वळत वळत आत शिरायचं. ‘ॲप्रोच’चं बटण दाबून मोकळं होणारे नवशिके इथेच मरतात.

इथे आपल्या लोकांना एक दिलासा आहे. सर्व्हर बसलाय लंडनला, म्हणजे पुण्यातून लॅग हा येणारच. पण ईव्हचा सर्व्हर सेकंदाला एकदाच हिशेब करतो. बोटांच्या वेगावर इथे फार काही ठरत नाही, त्यामुळे आमच्या सोसायटीतलं ब्रॉडबँडही चालून जातं. गैरसोय वेगळीच आहे. युरोपची संध्याकाळ म्हणजे आपली मध्यरात्र. खऱ्या लढाया रात्री साडेबारानंतर रंगतात आणि सकाळी नऊला स्टँडअप!

तशा या खेळातल्या मोठ्या लढाया म्हणजे वेगळंच प्रकरण. जानेवारी २०१४ मध्ये बी-आर५आरबी नावाच्या सिस्टिममध्ये ताबा राखण्याचं बिल भरलं गेलं नाही आणि त्यावरून पेटलेली लढाई २१ तास चालली. साडेसात हजारांवर खेळाडू, ७५ टायटन खलास. सर्व्हर कोलमडू नये म्हणून गेमचं घड्याळच एक दशांश वेगाने चालवावं लागलं. भारी आहे, पण मला त्यात फारसं काही वाटत नाही. हजारोंच्या गर्दीत कमांडरने नाव घेतलं की त्यावर गोळी झाडायची. कवायतच ती. माझा जीव अडकलाय तो दोन जहाजांच्या मारामारीत.

तर, त्या काँडरवाल्याने शेवटी एक सल्ला दिला. दहा रिफ्टर घे आणि दहाही फोडून ये. रिफ्टर म्हणजे स्वस्तातलं फ्रिगेट. कार्ड पाकिटातच ठेवलं आणि आठवडाभर खपून गेममधल्याच कमाईतून दहा घेतले.

पहिला कुठे फुटला ते कळलंच नाही. दुसरा गेटवर गेला. मी आधी गोळी झाडली आणि मग गेटमधून पळायला गेलो. पण हत्यार चालवलं की पुढचं एक मिनिट गेट तुम्हाला आत घेत नाही. साठ सेकंद बंद दारासमोर उभं राहून मार खाल्ला. मजा म्हणजे हात अजूनही थरथरत होते. जहाज वडापावच्या भावाचं, तरीही!

आणि परवा शुक्रवारी रात्री पुन्हा तोच काँडर, तोच पट्टा. या वेळी यादी पाहिली, स्कॅनर दाबला. त्याचे दोघे होते, पण लांब. मी गेलो. त्याने नेहमीसारखं वीसवरून धरलं. मी पाठ फिरवली आणि जीव खाऊन पळत सुटलो. पकड सुटू नये म्हणून तो सुसाट मागे आला. त्याने चांगला वेग घेतला, आणि मी गर्रकन उलटा फिरलो. वेगात असलेलं जहाज जागच्या जागी वळत नाही. तो सरळ माझ्या अंगावर आला. नऊच्या आत शिरताच स्क्रॅम्ब्लर लावला, त्याने त्याचं वेगवान इंजिन बंद पडलं. वर वेब टाकलं, उरलासुरला वेगही गेला. मग माझ्या तोफा आणि तो. पंधरावीस सेकंद असतील.

फुटला!!

मी खुर्चीतून ओरडलो. आई दार उघडून आत आली. “काय झालं रे?” तोवर त्याचे दोन मित्र येऊन टपकले होते आणि माझा रिफ्टरही गेला होता. काँडरवाल्याने लिहिलं, ‘गुड फाइट’. मीही तेच लिहिलं.

पॉड घेऊन स्टेशनात आलो आणि हँगर उघडलं. सात उरलेत.