फुकटच्या बर्गरचा हिशेब

‘बाहेर कशाला खायचं? घरी केलं तर स्वस्त पडतं, स्वच्छ असतं आणि चवही तीच येते.’ आपल्याकडे हे वाक्य वडापाव-पावभाजीबद्दल ऐकू येतं, अमेरिकेत बेकन चीजबर्गरबद्दल. देश बदलला, पदार्थ बदलला, वाक्य तेच राहिलं. आणि या वाक्यातला कर्ता दोन्हीकडे गायब आहे. ‘घरी केलं तर’ म्हणजे कोणी केलं तर? ‘स्वस्त पडतं’ म्हणजे कोणाला? या दोन प्रश्नांना बगल देऊन जेव्हा एखादी ‘अगदी हॉटेलसारखी’ पाककृती आपल्यापुढे येते, तेव्हा ती नुसती पाककृती राहत नाही. बाईचे श्रम फुकट धरणारी ती एक व्यवस्था असते.

बर्गरसारख्या किरकोळ गोष्टीवर चळवळीच्या अंकाची पानं कशाला घालवायची, असं काहीजणी म्हणतील. पण बाईचं आयुष्य किरकोळ गोष्टींमध्येच खर्ची पडतं. माझी एक मावसबहीण नवऱ्याच्या नोकरीमुळे न्यू जर्सीत गेली. एम.एस्सी. झालेली, इथे कॉलेजात शिकवणारी. नवऱ्याच्या एच-वन-बी व्हिसावर अवलंबून असलेल्या बायकोला एच-फोर व्हिसा मिळतो. २०१५च्या मे महिन्यापर्यंत या व्हिसावर नोकरीची परवानगीच नव्हती. तेव्हापासून ती मिळू लागली, पण मुख्यतः ज्यांच्या नवऱ्याचं ग्रीन कार्डचं प्रकरण ठरावीक टप्प्यापर्यंत पोचलं आहे त्यांनाच. म्हणजे कायद्यानेच बाईला चुलीपाशी बसवलं. मग घरात ‘तू तर घरीच असतेस’ हे ओघानेच आलं. मुलगा तिथेच वाढला, त्याला बेकन चीजबर्गर हवा. नवरा म्हणतो, ‘बाहेरचं मांस कसलं असतं कोण जाणे. घरीच कर ना, वीस मिनिटांचं तर काम!’

वीस मिनिटांचं हे काम जरा मोजून पाहू.

झटपट बर्गर झटपट का होतो?

१९४८ साली कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनो गावात रिचर्ड आणि मॉरिस मॅकडोनाल्ड या भावांनी आपलं चालतं हॉटेल काही महिने बंद ठेवलं आणि नव्या पद्धतीने उघडलं. पदार्थांची यादी छाटून नऊवर आणली. बर्गरची किंमत १५ सेंट ठेवली. काचेच्या बश्या, पेले, काटे-चमचे काढून टाकले आणि सगळं कागदात द्यायला सुरुवात केली, म्हणजे भांडी घासायचा प्रश्नच मिटला. स्वयंपाकघरात कारखान्यासारखी कामाची वाटणी केली. एकाने फक्त मांस भाजायचं, दुसऱ्याने बर्गर रचून गुंडाळायचा, तिसऱ्याने बटाटे तळायचे, चौथ्याने खिडकीवर पैसे घ्यायचे. बर्गरचा झटपटपणा पदार्थात नाही, या वाटणीत आहे.

या बदलाची आणखी एक बाजू आपण लक्षात ठेवायला हवी. गाड्यांपाशी जाऊन पदार्थ देणाऱ्या ज्या मुली तिथे काम करत होत्या, त्यांना भावांनी काढून टाकलं. मुली असल्या की टवाळ पोरं जमतात, हे कारण. पोरांच्या टवाळीची शिक्षा मुलींना! पुढे कित्येक वर्षं या साखळीत फक्त तरुण मुलगे कामावर घेतले जात. बायकांना तिथे शिरकाव मिळाला तो १९६०च्या दशकाच्या अखेरीस. पगारी बर्गरच्या कामातून बाई बाहेर, आणि बिनपगारी बर्गरच्या कामात एकटी बाई आत. आपण ज्याला ‘लिंगाधारित श्रमविभागणी’ म्हणतो, ती याहून सोपी करून सांगता येणार नाही.

घरात आलेला कारखाना

आता तोच बर्गर घरात. चरबीचं प्रमाण साधारण वीस टक्के असलेला खिमा आणायचा, कारण कोरड्या खिम्याला ती चव येत नाही. ६०-६० ग्रॅमचे गोळे करून ते गार ठेवायचे. बेकनच्या पट्ट्या थंड तव्यावर ठेवून मंद आचेवर कुरकुरीत करायच्या आणि सुटलेली चरबी निथळून घ्यायची. कांदा, लेट्यूस, व्हिनेगरमधली काकडी चिरायची. मेयोनेज, केचप, मोहरी कालवून सॉस करायचा. पाव मधून कापून लोण्यावर भाजायचे. बिडाचा तवा धूर येईपर्यंत तापवायचा, त्यावर गोळा ठेवून पहिल्या अर्ध्या मिनिटातच उलथन्याने चेपायचा, कडा तपकिरी झाल्या की खरवडून उलटायचा, लगेच चीजचा काप ठेवायचा, झाकण घालून तो वितळू द्यायचा. खिमा आतपर्यंत शिजला पाहिजे, नाहीतर पोट बिघडतं. तिकडच्या सरकारी नियमाप्रमाणे आतलं तापमान ७१ अंश सेल्सियसपर्यंत जायला हवं.

हॉटेलच्या मोठ्या लोखंडी पाट्यावर एका वेळी कितीतरी टिक्क्या बसतात. घरच्या तव्यावर दोन, फार तर तीन. चौघांचे दुहेरी बर्गर म्हणजे आठ टिक्क्या, म्हणजे तीन-चार घाण्या. बर्गर गरमच खायचा असतो, म्हणून बाकीचे जेवायला बसतात आणि ती तव्यापाशी उभी राहते. शेवटचा बर्गर तिचा. मग चरबीने बरबटलेला तवा, ओटा, भिंतीवर उडालेले शिंतोडे, भर थंडीत घरभर कोंडलेला धूर. ती चरबी मोरीत ओतून चालत नाही, पाइप तुंबतो. ती वेगळी गोळा करायची. आणि मॅकडोनाल्ड बंधूंनी कागद आणून जी भांडी संपवली होती, ती सगळी पुन्हा तिच्या मोरीत! कारखान्यात चौघांनी वाटून घेतलेलं काम घरात एकटीवर आलं, वर खरेदी, सफाई आणि ‘आज तसा झाला नाही’ हा शेरा. वीस मिनिटांच्या हिशेबात आधीचं आणि नंतरचं काम धरलेलंच नाही. जे धरलं ते फक्त तव्यावरचं, जे दिसतं तेवढंच.

आणि जेव्हा पुरुष बर्गर करतो? अमेरिकेत सुटीच्या दिवशी अंगणात निखाऱ्यावर मांस भाजणं हे पुरुषी काम समजलं जातं. ‘आज बाबांनी बर्गर केले!’ पण खिमा आणणं, सॉस कालवणं, चिरणं, वाढणं, आवरणं बहुतेक घरांत बाईकडेच राहतं. त्याचं काम म्हणजे सोहळा, तिचं काम म्हणजे रोजचं. आपल्याकडे रविवारचं मटण करणारे नवरे आठवा, वेगळं सांगायला नको.

भारत सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात. जे पुरुष असं काम करतात त्यांची ८८. ‘घरी केलं तर स्वस्त’ ही सगळी स्वस्ताई या २८९ मिनिटांची किंमत शून्य धरल्यावर येते. १९७२ साली इटलीतून सुरू झालेल्या ‘घरकामाला वेतन’ मोहिमेने, आणि १९७५ साली सिल्विया फेडेरिची यांच्या मांडणीने हेच सांगितलं होतं. ज्याला प्रेम म्हणतात, ते बिनमोलाचे श्रम आहेत. वेतनाच्या मागणीबद्दल आपल्यात मतभेद आहेत, असू देत. पण शून्य हा आकडा चुकीचा आहे, याबद्दल दुमत नसावं.

बाहेरचा स्वस्त बर्गर कोणाच्या जिवावर?

‘मग काय, मुलांना रोज बाहेरचं खायला घालायचं?’ असा प्रश्न येईल. मी बाहेरच्या बर्गरची वकिली करत नाही. तोही कोणाच्या तरी जिवावरच स्वस्त असतो. अमेरिकेतलं केंद्रीय किमान वेतन २००९ पासून तासाला ७.२५ डॉलरवर अडकलं आहे. २०१२ साली न्यूयॉर्कमध्ये या हॉटेलांतल्या कामगारांनी तासाला १५ डॉलरसाठी संप केला. २०१८च्या सप्टेंबरात मॅकडोनाल्डच्या कामगार बायका दहा शहरांत कामावरच्या लैंगिक छळाविरुद्ध संपावर गेल्या. अशा लढ्यांच्या रेट्यामुळे कॅलिफोर्नियात एप्रिल २०२४ पासून मोठ्या साखळी हॉटेलांत तासाला किमान २० डॉलर द्यावे लागतात. आणि घरी केलं म्हणून खिमा आणि बेकन वेगळ्या हातांतून येत नाही. २०२० साली करोनाच्या साथीत मांसाच्या कारखान्यांतले कामगार धडाधड आजारी पडत असताना कारखाने चालू ठेवण्याचा आदेश तिथल्या अध्यक्षांनी काढला होता.

म्हणजे बाहेरचा बर्गर कमी पगारावर उभा आहे आणि घरातला बिनपगारावर. या दोन्हींतून ‘चांगल्या आईने’ काय निवडावं, हा प्रश्नच मुळात आपल्याला फसवणारा आहे.

मग करायचं काय?

काही बायकांना स्वयंपाक मनापासून आवडतो, त्यांनी जरूर करावा. पण आवड तीच, जी नको असेल त्या दिवशी सोडून देता येते. बाकी आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. पहिली, काम वाटायचं तर पूर्ण वाटायचं. तव्यापासून मोरीपर्यंत, खरेदीपासून चरबी गोळा करण्यापर्यंत. उलथनं हातात घेऊन मिरवण्यापुरतं नको. दुसरी, हॉटेलातल्या बाईच्या वेतनाची लढाई आणि घरातल्या बाईच्या वेळेची लढाई एकच आहे, हे आपल्या कार्यक्रमांत दिसू दे. तिसरी, चुली एकत्र आणण्याचा विचार पुन्हा करू या. अमेरिकेत केंब्रिज गावात मेलुसिना फे पियर्स यांनी १८६९ सालीच सहकारी घरकामाचा प्रयोग सुरू केला होता. तो मोडला, त्यात नवऱ्यांच्या विरोधाचाही हात होता. आपल्याकडे १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं. शिजवणं हे काम आहे आणि त्याचा मोबदला मिळू शकतो, हे त्या बायकांनी दाखवून दिलं.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या वेळी कोणी ‘घरीच कर ना’ म्हणालं, तर रागावू नका, रडू नका. कागद-पेन्सिल घ्या, आधीची, मधली आणि नंतरची मिनिटं लिहा आणि तो हिशेब जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर ठेवा. मग विचारा, यातलं कोण काय करणार?